काळीवरची घरे

कोल्हापूरचा नवा राजवाडा दाखवायला पाहुण्यांना घेऊन जाण्याचा योग वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. पाहुणे आत जाऊन शस्त्रे, पेंढा भरलेली जनावरे आणि शाहू महाराजांच्या वापरातल्या वस्तू पाहतात. मी बाहेर थांबतो आणि जोते पाहतो. ही खोड मला अलीकडे, गेल्या तीन-चार वर्षांत लागली आहे. तिचे कारण पुढे येईलच. काळ्या घडीव दगडाची ही इमारत १८८४ साली पुरी झाली. एवढा घड्याळाचा मनोरा आणि एवढ्या जाड भिंती अंगावर वागवूनही जोत्याचे थर निदान माझ्या डोळ्याला सरळ रेषेत दिसतात. मी दरवेळी ते पुन्हा पाहतो आणि दरवेळी मला बरे वाटते.

हा राजवाडा आखणाऱ्या मेजर चार्ल्स मांट यांना तो पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, १८८१ साली, ते वारले. कोल्हापूरचा टाउन हॉल त्यांचा, त्याच्या समोरच्या सी. पी. आर. रुग्णालयाची जुनी वास्तू त्यांची, बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्यांचाच. ब्रिटिश काळातल्या स्थापत्यावरच्या पुस्तकांतून त्यांच्या शेवटाविषयी एक हकीकत सांगितली जाते. अखेरच्या दिवसांत एका शंकेने त्यांना पुरते ग्रासले होते: आपले हिशेब चुकले आहेत आणि आपण आखलेले राजवाडे कोसळणार आहेत. त्यातच त्यांचे मन ढळले, असे म्हणतात. हकीकत सांगणारे तिच्या शेवटी न चुकता जोडतात की त्यांच्या साऱ्या इमारती आजही ठणठणीत उभ्या आहेत. म्हणजे मांट बिचारे उगीचच घाबरले.

मला हा शेवट पटत नाही. मांट यांचे मन ढळले असेल, नसेल; पण त्यांची शंका वेडगळ नव्हती. भिंतीवर भार किती येतो, कमान किती रेटा देते, हे १८८० साली कागदावर मांडता येत होते. त्या भाराखालची माती किती दबेल, किती वर्षे दबत राहील, आणि एका कोपऱ्यात जास्त व दुसऱ्या कोपऱ्यात कमी दबली तर काय होईल, हे मांडण्याचे शास्त्र मात्र तेव्हा नव्हते. कठीण लागेपर्यंत खोदा, धुम्मस मारा, पाया भिंतीपेक्षा रुंद घ्या, असे अनुभवाचे नियम होते. कार्ल तेरझागी या ऑस्ट्रियन अभियंत्याचा मृदायांत्रिकीवरचा जर्मन ग्रंथ १९२५ साली आला, तेव्हा कुठे ओल्या चिकणमातीवर भार पडला की तिच्यातले पाणी हळूहळू कसे पिळून निघते आणि त्या प्रमाणात वरची वास्तू कशी बसत जाते, याचे गणित हाती आले. मांट यांना जाऊन तोवर ४४ वर्षे झाली होती. त्यांचा प्रश्न खरा होता, उत्तर त्यांच्या काळापाशी नव्हते. आपल्यापाशी उत्तर आहे, आणि आपण प्रश्न विचारणेच सोडून दिले आहे. हे मी कोल्हापुरात राहून, एका आठ मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून लिहितो आहे.

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे दोन भाग येतात, पांढरी आणि काळी. पांढरीवर वस्ती, काळीत पीक. ही शेतीच्या अर्थव्यवस्थेची विभागणी होती असे आपण शिकतो, आणि ती तशी होतीच. पिकाऊ जमीन घरांखाली घालवणे कोणाला परवडणार? तथापि मला राहून राहून वाटते की त्या विभागणीत पायाचाही विचार मुरलेला असावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. चैत्र-वैशाखात तिला ज्या भेगा पडतात त्यांत लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जातो. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे पापुद्रे पाणी पिऊन एकमेकांपासून दूर सरतात आणि वाळले की पुन्हा जवळ येतात. अशा जमिनीवर हलके घर उथळ पायावर बांधले तर ते दरवर्षी किंचित उचलले जाते आणि किंचित खाली येते, तेही सगळीकडे सारखे नव्हे. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, राबत्याने बसलेली. ती हालत नाही. हे आपल्या पूर्वजांना खनिजाचे नाव न घेता ठाऊक होते.

आता शहर काळीत उतरले आहे. त्याला इलाज नाही हे मी मान्य करतो. वाढत्या वस्तीने कुठे जावे? शास्त्रानेही त्यावर तोड काढली आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले पाइल रूढ केले. उंच इमारतीचा पाया तर काळी ओलांडून खालच्या मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेतात, म्हणून तिला काळीचे भय नाही असे कोणताही कंत्राटदार छातीठोकपणे सांगेल. ते खरेही आहे, मात्र प्रत्येक कॉलमखालचे फूटिंग खरोखर तिथवर पोचलेले असले तर. इमारत सगळीकडून सारखी बसली तर फारसे बिघडत नाही. मेक्सिको सिटीतले ललित कलांचे संगमरवरी भव्य नाट्यगृह काही मीटर खाली गेले आहे आणि तिथे आजही प्रयोग होतात. आपल्याकडच्या भारतीय मानकातही मऊ चिकणमातीवरच्या सलग राफ्ट पायाला १०० मिलिमीटरपर्यंत बसण्याची मुभा आहे. घात करते ते विषम बसणे. नऊ कॉलम जागेवर आणि दहावा दोन बोटे खाली, की भिंतीतून जिन्याच्या पायऱ्यांसारखा तडा चढत जातो.

आणि कोल्हापूरची जमीन एकसारखी नाही. मूळ कोल्हापूर ज्या सहा वस्त्यांमधून वाढले असे मानतात त्यांची नावे घ्या: ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा, रावणेश्वर. त्यांपैकी शेवटची तीन तळ्यांची नावे आहेत. रंकाळा राहिला. पद्माळ्याची बाग झाली. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे आहे. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. दर पावसाळ्यात तिथे पाणी साचले की वर्तमानपत्रे महापालिकेच्या गटारांवर लिहितात, आपण तळ्यात उभे आहोत हे फार थोडे जण लिहितात. कपिलतीर्थाची मंडई झाली. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा वस्तीखाली वस्ती असे थर सातवाहन काळापर्यंत खाली गेलेले आढळले. तिथे सापडलेली पोसायडनची, म्हणजे यवनांच्या समुद्रदेवाची, लहानशी कांस्यमूर्ती आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. मांट यांच्याच इमारतीत. शाळेच्या सहली ती मूर्ती पाहून जातात. ती ज्या भरावातून वर आली तो भराव, त्याच्यासारखेच आणखी किती भराव, आपल्या दुकानांखाली आणि जिन्यांखाली आहेत, हे मात्र कुठल्याही काचेच्या कपाटात मांडलेले नाही.

आता माझ्या खोडीचे कारण सांगतो.

आमची इमारत नदीच्या अंगाला, पूर्वीच्या ऊसमळ्यात आहे. खाली पार्किंग, वर सात मजले. मुंबईकर याला उंच म्हणणार नाहीत, पण आम्ही राहायला आलो तेव्हा गच्चीतून पन्हाळा दिसतो याचेच अप्रूप होते. २०१९च्या महापुरात पार्किंगमध्ये पाणी आले. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरले, गाळ काढला, विम्याचे कागद भरले. पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०२२मध्ये, वॉचमनच्या खोलीच्या भिंतीत एक तडा दिसला. नंतर पहिल्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाचे दार चौकटीत अडकू लागले. सुताराने ते दोनदा रंधले. दुसऱ्यांदा रंधताना तो म्हणाला, "दार बरोबर हाय, चौकट कलली." त्या वाक्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नाही.

आमच्यात एक निवृत्त उपअभियंता आहेत. सारे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी तड्यावर आडवी, बोटभर रुंद काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. "काच शाबूत राहिली तर तडा जुना, मेलेला. काच तडकली तर इमारत अजून चालतीय म्हणून समजायचं," ते म्हणाले. भाग्य एवढेच की काच पाच रुपयांचीही नव्हती, नाहीतर त्यासाठीही सभा बोलवावी लागली असती. एकवीस दिवसांनी काच तडकली.

मग सभा झाली. तिचा तपशील सांगताना मला संकोच वाटतो, पण तो सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. त्या महिन्यात इमारतीतले दोन फ्लॅट विकायला काढलेले होते. सभेत अर्धा तास अण्णा माती, पाणी आणि कॉलम यांविषयी बोलले. नंतर एका सदस्याने विचारले, "हे सगळं ठीक आहे हो, पण बघायला गिऱ्हाईक येणार आहे रविवारी, त्याचं काय?" ठरले असे की आधी पुट्टी भरून रंग द्यावा आणि तपासणीचे दिवाळीनंतर पाहावे. तडकलेली काच शनिवारी संध्याकाळी काढली. रविवारी गिऱ्हाईक आले, गच्चीतून पन्हाळा पाहून खूश झाले, आणि पुढच्या महिन्यात खत झाले. तिसऱ्या मजल्यावरचे ते कुटुंब, नवराबायको आणि दोन मुली, मला रोज जिन्यात भेटते. त्या सभेत मी होतो आणि मी काही बोललो नाही. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिले होते. मी खाली, सतरंजीकडे पाहत होतो.

मी वाईट माणूस आहे असे मला वाटत नाही, आणि त्या सभेतले इतरही नव्हते. आयुष्यभराची कमाई ज्या चार भिंतींत घातली त्यांची किंमत एका रेघेने खाली येते, हे दिसत असताना माणसे रेघ पुसतात. हे केवळ कोल्हापूरचे नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ साली उघडलेला मिलेनियम टॉवर घ्या. ५८ मजली, अतिश्रीमंतांचा. त्याचे पाइल वाळूच्या थरात थांबले होते, खडकापर्यंत गेले नव्हते, आणि खाली जुन्या चिकणमातीचा जाड थर होता. २०१६ साली गोष्ट चव्हाट्यावर आली तोवर इमारत सुमारे १६ इंच खचून एका बाजूला कलली होती. मग कोणाला कधीपासून ठाऊक होते यावर वर्षानुवर्षे खटले चालले. दुरुस्ती म्हणून कडेने नवे पाइल खडकापर्यंत न्यायला सुरुवात केली, तर त्या कामानेच कल वाढला आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये ते थांबवावे लागले. शेवटी बेत बदलून, पाइलांची संख्या ५२वरून १८वर आणून, २०२३मध्ये ते पुरे झाले. तिथे वकिलांचा ताफा होता, आमच्याकडे पुट्टीचा डबा होता.

दिवाळीपर्यंत थांबायची पाळी आली नाही. ऑगस्टमध्ये रंगातूनच तडा परत वर आला, आधीपेक्षा रुंद. आता मात्र सगळे घाबरले, आणि घाबरल्यावर माणसे शहाण्यासारखी वागतात असा माझा अनुभव आहे. बांधकामाआधीचा माती-तपासणीचा अहवाल शोधला. बिल्डरकडे तो नव्हता, आर्किटेक्टकडे नव्हता. परवानगीच्या कागदांत अहवाल जोडल्याचा उल्लेख होता, अहवाल नव्हता. पुन्हा चार ठिकाणी बोअर घेतले. तीन ठिकाणी चार मीटरांच्या आत चांगला मुरूम लागला. चौथ्या, नदीकडच्या कोपऱ्यात, मुरूम येईचना. विटांचे तुकडे, राख, प्लास्टिकची पिशवी, पुन्हा काळी माती, आणि नऊ मीटरांवर पाणी. तिथे एक विहीर होती. ती भरून टाकली होती, आणि कोपऱ्यातल्या कॉलमचे फूटिंग अर्धे तिच्या काठावर, अर्धे भरावावर टेकले होते. पुराच्या पाण्याने भराव भिजून बसला आणि फूटिंग त्याच्यामागे गेले.

ही विहीर कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. मळ्याचे मूळ मालक मागच्याच गल्लीत राहतात. अण्णा त्यांच्याकडे गेले तेव्हा घरातल्या वृद्ध बाई म्हणाल्या, "हिर व्हय? आमच्या सासऱ्यानं पाडली. मोट चालायची तितं. कुनी इचारलंच न्हाई बाबा." सातबाराच्या जुन्या उताऱ्यावरही विहिरीची नोंद निघाली. शेत बिनशेती झाले, सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका आली, आणि त्या बदलात विहीर कागदावरून नाहीशी झाली. जमिनीखालून ती नाहीशी होणे शक्यच नव्हते.

दुरुस्तीसाठी पहिला जो ठेकेदार आला त्याने सिमेंटचे पाणी दाबाने आत सोडण्याचा उपाय सुचवला. "भरून टाकू," हा त्याचा शब्द होता. सदस्यांना तो फार आवडला, कारण तो स्वस्त होता आणि आपल्याला मुळात कुठलीही पोकळी भरून टाकायला आवडते. इथे पुन्हा मेजर मांट मला भेटतात, जरा आडवाटेने. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० साली फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि तिथे चार वर्षांनी जी छत्री उभी राहिली तिची रचना मांट यांची. त्याच आर्नोच्या काठाने खाली समुद्राकडे गेले की पिसा लागते. पिसाचा मनोरा कलला तो नदी-समुद्राच्या गाळाच्या मऊ थरांमुळे. बांधकाम ११७३ साली सुरू झाले, तिसऱ्या मजल्याच्या सुमारास थांबले, आणि जवळजवळ शंभर वर्षे थांबून राहिले. त्या शतकात खालची माती भार सोसून घट्ट झाली. न थांबता बांधत गेले असते तर मनोरा तेव्हाच पडला असता, असे तज्ज्ञांचे मत आहे. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत, १९३४ साली, पायात भोके पाडून सिमेंटचे पाणी भरले. मनोरा सावरण्याऐवजी आणखी झुकला. १९९० साली तो लोकांसाठी बंद केला. ज्या समितीने अखेर तो वाचवला तिच्यात लंडनचे जॉन बर्लंड होते. त्यांनी शेवटी जे केले ते भरण्याच्या नेमके उलट आहे: ज्या बाजूला मनोरा उंच राहिला होता तिकडची माती तिरप्या नळ्यांतून थोडीथोडी काढून घेतली. रोज मोजले, मग काढले, पुन्हा मोजले. मनोरा सुमारे अर्धा अंश मागे आला आणि डिसेंबर २००१मध्ये पुन्हा उघडला. तो सरळ केला नाही, कारण सरळ करण्याची गरजच नव्हती.

आमच्या कोपऱ्याला पिसाचा उपाय लागू पडणारा नव्हता, हे उघड आहे. प्रत्येक खचण्याचे औषध वेगळे. पण मोजल्याशिवाय भरू नये एवढे आम्ही त्यातून घेतले. अण्णांच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी आराखडा केला. कोपऱ्यातल्या तीन कॉलमना लोखंडी टेकू दिले. कॉलमच्या दोन्ही अंगांनी बारीक पाइल खडकापर्यंत नेले, जुन्या फूटिंगला नव्या काँक्रीटच्या जाड टोपीत बांधले आणि भार त्या पाइलांवर घेतला. खोदाई एका वेळी एकाच बाजूची, दुसऱ्या बाजूला हात लावायच्या आधी पहिली पुरी. इमारतीभोवती पाण्याला ढाळ देऊन फरशी केली, म्हणजे पावसाचे पाणी पायाशी मुरणार नाही. काम पाच महिने चालले. वर्गणीवरून जी भांडणे झाली ती मी लिहीत नाही. ज्यांनी सोसायटीत दिवस काढले आहेत त्यांना ती पाठ आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या कुटुंबालाही आपला वाटा भरावा लागला. तो भरताना गृहस्थांनी मला विचारले, "हे घ्यायच्या आधी कोणाला माहीत होतं का हो?" मी हो म्हणालो. एवढे तरी मी केले. त्यानंतर ते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही.

माझे म्हणणे आता सांगतो. कायदा पुष्कळ आहे. २०१६च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने दुरुस्त करायचा. महापालिका कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आहे. आमची इमारत या दोन्हींच्या मधल्या वयाची, आणि जमीन वयाचा दाखला पाहून खचत नाही. पण मला आणखी एक कलम नको आहे. मला शहराच्या जमिनीची वही हवी आहे. या गावात प्रत्येक उंच इमारतीआधी बोअर घेतात, प्रयोगशाळेत माती तपासतात, कोणत्या खोलीवर काय लागले याचा तक्ता करतात. तो तक्ता एका परवानगीपुरता जगतो आणि मरतो. शेजारच्या प्लॉटवर दुसरा बिल्डर पुन्हा पहिल्यापासून बोअर घेतो, किंवा घेतल्याचे दाखवतो. हे सारे तक्ते महापालिकेने एका नकाशावर मांडून ठेवले, त्यावर बुजवलेली तळी, जुन्या सातबाऱ्यांवरच्या विहिरी, ओढ्यांचे मूळ मार्ग आणि २००५, २०१९, २०२१च्या पुराच्या रेषा काढल्या, आणि फ्लॅट घेणाऱ्या कोणालाही तो नकाशा पाहता आला, तर त्याला फार खर्च येणार नाही. विरोध होईल, आणि तो बिल्डरांपेक्षा आमच्यासारख्या फ्लॅटमालकांकडून अधिक होईल. आपल्या इमारतीखाली विहीर होती हे सार्वजनिक व्हावे असे कोणाला वाटणार? प्लॉटचे भाव पडतील, हा आक्षेप मी ऐकला आहे. पडू द्यावेत. विहिरीवरच्या प्लॉटचा भाव मुरुमावरच्या प्लॉटइतका असणे हीच मुळात लबाडी आहे. पाया खोल घेतला, विहीर तळापर्यंत उपसून नीट भरली किंवा पाइल घेतले, तर त्याच प्लॉटवर निर्धास्त राहता येते, आणि हेही त्याच वहीत लिहिता येईल.

आणि आता घाई आहे. डिसेंबर २०२०मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियमावली आली आणि आमच्यासारख्या शहरांना पूर्वीपेक्षा उंच जाण्याची वाट मोकळी झाली. बारा-पंधरा मजल्यांच्या जाहिराती आता नदीच्या अंगालाही दिसतात. जाहिरातीत गच्ची असते, क्लबहाउस असते, पन्हाळ्याचे दृश्य असते. तळाविषयी एक ओळ मी अजून वाचलेली नाही. मराठीत संतांच्या मांदियाळीचे देऊळ रचताना बहिणाबाईंनी पायाचा मान ज्ञानदेवांना दिला, आणि तेव्हापासून ‘पाया’ हा शब्द आपण भाषणांत इतका उधळला आहे की तो खोदावा लागतो हेच विसरून गेलो आहोत. भूमिपूजनाला आपण जमीन फार तर वीतभर उकरतो. असो.

अण्णांचे आता वय झाले आहे, जिना उतरवत नाही. त्यामुळे काचेचे काम माझ्याकडे आले आहे. कोपऱ्यातल्या कॉलमशेजारच्या भिंतीवर तीन पट्ट्या आहेत, तिन्हींवर तारखा आहेत, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर मी त्यांचे वाचन एका शाळकरी वहीत लिहितो. ही वही मी सोसायटीच्या दप्तरात ठेवायला मागितली तेव्हा सचिव म्हणाले, "कशाला उगीच, बाहेरच्या कुणाच्या हाती लागली तर?" म्हणून ती माझ्या घरी आहे. मागच्या रविवारी मी खाली गेलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची धाकटी मुलगी सायकल लावत होती. काय पाहताय, म्हणून तिने विचारले. मी तिला काच दाखवली, ती कशासाठी आहे ते सांगितले. तिने बोट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "तुटली नाहीये." मी तिलाच वहीत तसे लिहायला सांगितले, तारखेसकट.